हिल्मा पेरालाची वाट

१४ जानेवारी २०१३, सोमवार. रक्कम ३,८६४ डॉलर ५० सेंट.

डेल ट्रेवेलाच्या दरपत्रकावर ही रक्कम होती. हँकॉक गावातल्या आमच्या चर्चच्या दर्शनी चौदा पायऱ्या, पायऱ्यांपासून रस्त्यापर्यंतची वाट आणि गाड्या आत येतात तो उतार, एवढं सगळं एप्रिलच्या पंधरा तारखेपर्यंत बर्फ काढून खालचं काँक्रीट दिसेल असं साफ ठेवण्याचे हे पैसे. मी चर्चचा खजिनदार. दरपत्रक सभेत वाचून दाखवणं माझं काम होतं, आणि ते मी हिल्मा पेराला समोर बसलेली असताना केलं. वाट, पायऱ्या आणि उतार हे तिन्ही सत्तावीस हिवाळे तीच सांभाळत होती. तिला आम्ही हंगामाचे नऊशे डॉलर देत होतो.

सभा नेहमीप्रमाणे तळघरात होती. अध्यक्ष मार्विन रूओना टेबलाच्या टोकाला बसला होता आणि हिल्माकडे बघायचं टाळत होता.

"हिल्मा, मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "विमा कंपनीचं पत्र आलंय, त्यांची अट आहे. काँक्रीट उघडं दिसलं पाहिजे म्हणतात. फोटो काढून पाठवायचे आहेत."

"पत्र लिहिणारा कुठला आहे?" हिल्मानं मला विचारलं.

"लान्सिंगचा, खाली दक्षिणेकडचा."

"मग बरोबर आहे. त्यांच्याकडे बर्फ पाहुण्यासारखा येतो, दोन दिवस राहतो आणि जातो. आपल्याकडे तो नोव्हेंबरात भाडेकरू म्हणून शिरतो आणि मे आला तरी जागा सोडत नाही. हँकॉकच्या चढावर जानेवारीत उघडं काँक्रीट ठेवायचं म्हणजे लोकांना काचेवर चालायला सांगायचं."

दोघे-तिघे हसले. मार्विनही हसला असता, पण त्या पत्राचं कारण सगळ्यांना माहीत होतं. सहा जानेवारीच्या रविवारी, प्रार्थनेला येताना एस्थर वीताला हिल्माच्या वाटेवर घसरून पडली होती. वय ब्याऐंशी. उजव्या मनगटाची दोन हाडं मोडली. सत्तावीस हिवाळ्यांत त्या वाटेवर कुणी पडलं नव्हतं, आणि पडली ती हिल्माची पन्नास वर्षांची मैत्रीण.

मार्विननं तिला सुटायला जागा करून दिली. "शनिवारी छपरावरचा बर्फ ज्यांनी खाली काढला, त्यांनी ढीग वाटेला लागूनच टाकला. दुपारी ऊन पडलं, ढीग वितळला, पाणी वाटेवर आलं आणि रात्री गोठलं. हे तसं पाहिलं तर तुझं नाही, हिल्मा. तसं लिहू या."

"तसं लिहू नकोस," हिल्मा म्हणाली. "ढीग त्यांनी टाकला. पण ढिगाचं पाणी कुठं जातंय हे बघणं माझं काम. तिन्हीसांजेला वाटेत आडवा चर पाडायचा असतो, म्हणजे पाणी पलीकडे निघून जातं. त्या दिवशी बहिणीचा वाढदिवस होता, मी ह्यूटनला गेले. आठ वाजता परत आले तेव्हा म्हटलं, राहू दे. सकाळी बोटभर नवा बर्फ पडलेला. मी वरून वाळू टाकली. वाळू बसली बर्फावर, आणि बर्फ बसला होता काचेवर. एस्थरचा पाय पडल्याबरोबर सगळं मिळून सरकलं. चूक माझी आहे. मात्र त्या पत्राला उत्तर देताना एवढं लिहा, की चूक चर न पाडण्याची आहे, बर्फ ठेवण्याची नाही."

मग मतदान झालं. चार विरुद्ध दोन. दर्शनी बाजू डेलकडे गेली. मीही डेलच्याच बाजूनं हात वर केला, कारण विम्याचा हप्ता वाढला तर तो कुठून भरायचा याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. हिल्मानं माझा हात पाहिला.

"मागच्या स्वयंपाकघराच्या दाराचं काय?" तिनं विचारलं.

डेलच्या दरपत्रकात ते दार नव्हतं. ते दार आणि आवारातून तिथवर येणारी वाट तिच्याकडे राहिली.

निघताना ती माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आली. विम्याच्या कागदावर सही घ्यायला मी एस्थरकडे जाऊन आलो होतो, हे तिला ठाऊक होतं.

"एस्थर काय म्हणाली, रॉडनी?"

"तुझ्यावर रागावलेली नाही ती."

"ते मला माहीत आहे. म्हणाली काय?"

मला खोटं बोलता येत नाही, आणि हिल्मासमोर तर नाहीच. "म्हणाली, आता हिल्माच्या वाटेवर पाय टाकायची भीती वाटते."

हिल्मानं कोटाची बटणं खालपासून वरपर्यंत लावली. "रागावली असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "राग उतरतो." आणि गेली.

नऊशे डॉलर गेल्याचं तिला वाईट वाटलं नव्हतं असं नाही, पण त्याबद्दल ती त्या दिवशी किंवा नंतर एकदाही बोलली नाही. एस्थर पुन्हा तिच्या वाटेवर पाय ठेवते की नाही, एवढीच एक गोष्ट त्या हिवाळ्यात तिच्या डोक्यात होती.

हिल्माचा जन्म १९४४चा, टापिओलाच्या शेतावरचा. वडील जंगलात लाकडं तोडत. घरापासून सौनापर्यंत चाळीस फुटांची वाट होती. दर शनिवारी संध्याकाळी घरातली नऊ माणसं त्या लाकडी खोलीत घाम काढायची आणि ओल्या अनवाणी पायांनी घराकडे पळत यायची. खरवडलेल्या जमिनीवर धरलेल्या काचेसारख्या बर्फाला ओला पाय चिकटतो तरी, नाही तर त्यावरून सुटतो तरी. म्हणून ती वाट कधीच जमिनीपर्यंत खरवडायची नसे. चार बोटं बर्फ ठेवायचा, तो चोपून घट्ट करायचा, वरून लांब दांड्याच्या पात्यानं आडव्या रेघा मारायच्या आणि सौनाच्या चुलीतली राख ओलसर असतानाच त्यावर टाकायची, म्हणजे राख बर्फात रुतून बसते. आठव्या वर्षापासून हे काम हिल्माकडे होतं, कारण थोरल्या भावाकडे गाई होत्या.

तपासणी वडील करायचे. सौनातून सगळ्यांत आधी ते बाहेर येणार, कंदील घेऊन, अनवाणी, सावकाश. पाय जरा जरी सरकला तरी ओरडणं नाही की बोलणं नाही. मागं फिरायचं, आत जाऊन फळीवर बसायचं आणि दार लावून घ्यायचं. हिल्मानं वाट दुरुस्त करेपर्यंत ते बसून राहायचे, आणि त्यांना ओलांडून बाहेर पडायची कुणाची हिंमत नसल्यानं बाकीचे सातजण आत उकडत राहायचे. "भावंडांच्या शिव्या दाराच्या फटीतून ऐकू यायच्या," हिल्मा सांगते. "त्यामुळे हात भराभर चालायचा."

पुढं ती हँकॉकला आली, शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणतीस वर्षं काम केलं आणि वर्नर पेरालाशी लग्न केलं. वर्नर काउंटीचा रस्ते साफ करायचा मोठा ट्रक चालवायचा. इथल्या कुठल्याही बाईला विचारा, त्या ट्रकाला ती शिव्याच देईल, कारण तो रस्ता मोकळा करत जातो आणि बाजूला सारलेला सगळा बर्फ घराघराच्या गाडीवाटेच्या तोंडाशी बांधासारखा टाकून जातो. वर्नर स्वतःच्या घरासमोरही तेच करायचा. सरकारी पातं त्याच्या घरापुरतं उचलायचं नाही, असा त्याचा नियम. हिल्मा पत्र्याचं रुंद स्कूप दोन्ही हातांनी ढकलत तो कमरेएवढा बांध रोज सकाळी फोडायची.

"किती वेळ लागला आज?" संध्याकाळी तो विचारायचा.

"तुझ्या जेवणाला जितका उशीर झालाय, तितका."

वर्नर २००१ साली गेला. त्याच्या आधीपासून चर्चची वाट हिल्माकडे होती, ती पुढं चालू राहिली. तिच्या हातची वाट लांबून ओळखू यायची. कडा सरळ, मधला भाग एका बाजूला किंचित कललेला, अंगावर आडव्या रेघा. पांढरी नाही, वाळूमुळे मळकी. फोटोत ती वाट वाईटच दिसते, हे मला विमा कंपनीसाठी फोटो काढताना कळलं.

डेलचं काम फोटोत छान दिसायचं. चाळिशीचा, मेहनती माणूस. त्याचे आजोबा कॉर्नवॉलहून तांब्याच्या खाणीत आलेले. ट्रकच्या पात्यानं उतार साफ, यंत्रानं वाट साफ, मग मीठ. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रविवारी लोक उघड्या काँक्रीटवरून चालत आले आणि मार्विननं माझ्याकडे बघून मान हलवली. दिवस कोरडे होते, आणि सगळ्यांचं ठीक चाललं होतं.

मागच्या दाराशी एकदा दोघांची गाठ पडली, तेव्हा मी कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आलो होतो.

"मिसेस पेराला, तुमची वाट कुठं आहे? मला तर नुसता बर्फच दिसतोय," डेल म्हणाला.

"तुला बघायची आहे की तिच्यावर चालायचं आहे?"

"मीठ देऊ का एक पोतं? माझ्याकडून."

"पारा शून्य फॅरनहाइटला टेकला की तुझं मीठ बर्फात खडीसाखरेसारखं नुसतं पडून राहतं, डेल. ठेव, घरी बटाट्यांना होईल."

डेल हसत गेला. हिल्मा त्याच्या पाठीमागे त्याच्या काँक्रीटकडे बघत होती. "हात चांगला आहे पोराचा," ती मला म्हणाली. "पण कोरड्या दिवसांवर विसंबून आहे."

एस्थर त्या काळात चर्चला आली नाही. तिचा नवरा ऑस्कर अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता आणि अंथरुणाला खिळला होता, तेही एक कारण होतं. पण गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरात बायका कॉफीला जमायच्या, तिथं ती चाळीस वर्षं येत होती. तिला गाडीनं आणायला त्या बायकांपैकी आयली तयार होती. एस्थर फोनवर म्हणाली, "गाडीतून दारापर्यंत साठ पावलं आहेत गं." आयलीनं हे हिल्माला सांगितलं नाही. हिल्मानं विचारलंही नाही. मात्र दर गुरुवारी ती वाटेवर दोनदा राख टाकायची.

१८ फेब्रुवारीला ऑस्कर वीताला वारला. अंत्यविधी शनिवारी, २३ तारखेला सकाळी अकरा वाजता ठरला.

शुक्रवारी संध्याकाळपासून गोठता पाऊस सुरू झाला. पाण्यासारखा पडतो आणि लागेल तिथं काच होतो. शनिवारी सकाळी साडेसहाला मी बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधून चढ चढलो, तरी दोनदा टेकलो. चर्चच्या चौदा पायऱ्या चकाकत होत्या. डेल तिथं आधीच होता, पायी. त्याचा ट्रक चढाच्या तळाशी आडवा होऊन चरात गेला होता आणि मिठाचं पोतं त्यानं खांद्यावरून वर आणलं होतं.

"दुसरं पोतं आहे हे," तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "टाकतो तेवढं पाऊस धुऊन नेतो. खाली काँक्रीट उघडं आहे ना, लगेच नवी काच होते. या पायऱ्यांवरून पेटी नेता येणार नाही, रॉडनी. मी नेऊ देणार नाही."

पेटी उचलणारे सहाजण होते. त्यांच्यातला सगळ्यांत तरुण एकसष्ट वर्षांचा होता.

आम्ही मागं गेलो. हिल्मा पाच वाजल्यापासून तिथं होती. अंगात वर्नरचा पिवळा रेनकोट. पातं उभं धरून ती वाटेवर आडवे टवके काढत होती. एक टोक गाठायचं, परत फिरायचं, पुन्हा पहिल्यापासून. पाऊस पडतच होता, पण तिच्या वाटेवर तो सपाट बसू शकत नव्हता. टवक्याटवक्यांत अडकून खडबडीत गोठत होता.

मी तिला पायऱ्यांची हकिगत सांगितली. तिनं मान वर केली नाही.

"वरच्या गल्लीत नगरपालिकेची वाळू पडली आहे. शववाहिका तिकडून मागच्या आवारात येईल. फोन कर त्यांना." मग थांबून तिनं वाटेकडे पाहिलं. "माझी वाट तीन फूट आहे. पेटी आणि दोन्हीकडे माणसं म्हणजे सहा फूट पाहिजे. साठ पावलं लांब. किती वाजले?"

"सात."

"डेल, स्कूप घेता येतं का तुला, की फक्त यंत्रच?"

"येतं."

"मग दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट वरचा भुसभुशीत बर्फ काढ. तळ उघडा करू नकोस. तळ दिसला तर मी तुला याच बर्फात पुरीन." तिनं माझ्याकडे पाहिलं. "वाळूचं पिंप गोठलंय, पहार लागत नाही त्याला. माझ्या शेडमध्ये कोंबड्यांना घालायची दगडाची कच आहे, तीन पोती. घसरगाडी घेऊन जा. आणि पेटी उचलणाऱ्यांना फोन कर, अकराला नाही, नऊला या म्हणावं."

"नऊला? कशाला?"

"नाचायला."

ती खरंच बोलत होती. नऊच्या सुमारास ते सहा म्हातारे काळ्या सुटावर रबरी बूट चढवून एकमेकांना धरत आले. हिल्मानं त्यांना तीन तीनच्या दोन रांगांत, एकामागं एक, नव्या काढलेल्या पट्ट्यांवर उभं केलं.

"आता जागच्या जागी पाय आपटायचे आणि अर्धं पाऊल पुढं सरकायचं. टाच आधी. मार्विन, टाच म्हटलं मी, चवडा नाही."

"हिल्मा, मला गुडघा आहे," मार्विन म्हणाला. पेटी उचलणाऱ्यांत तोही होता.

"सगळ्यांना गुडघे आहेत. ऑस्करला उचलायचं आहे ना? मग जिथून उचलून नेणार ती जागा तुमच्याच वजनानं चोपा. म्हणजे तुमच्या वजनाला धरेल."

पावसानं बर्फ ओला झालेला असल्यानं तो चांगला दबत होता. सहा म्हातारे पाय आपटत आवाराच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. स्वयंपाकघराच्या खिडकीत बायका गोळा झाल्या होत्या. आयलीनं खिडकी वर करून विचारलं, "संगीत लावू का?" मार्विननं तिला काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या मागून हिल्मा आणि डेल पात्यांनी टवके काढत चालले होते, आणि त्यांच्या मागून मी मुठीमुठीनं कच टाकत होतो. कच ओल्या टवक्यांत पडायची आणि दोन मिनिटांत तिथंच गोठून पक्की व्हायची. ते पाहून डेल मध्येच थांबला. खाली वाकून त्यानं बोटांनी एक खडा उपटायचा प्रयत्न केला. निघाला नाही.

"मिसेस पेराला," तो म्हणाला, "हे मला कुणी शिकवलं नव्हतं."

"तू विचारलं नव्हतंस. चल, हात चालव."

साडेनऊला पास्टर आले. तरुण माणूस, मिनेसोटाहून दोन वर्षांपूर्वी आलेले. पेटी स्वयंपाकघरातून आत आणायची हे ऐकून ते अस्वस्थ झाले. "कुटुंबाला काय वाटेल? कॉफीची भांडी, ओटे... विधी सोमवारी ढकलू या का?"

"ते एस्थरला विचारा," हिल्मा म्हणाली. "माझं काम दारापर्यंत आहे."

साडेदहाला शववाहिका वरच्या गल्लीतून आवारात आली, आणि तिच्यामागं एस्थरच्या मुलाची, डगची गाडी. डग ग्रीन बे इथं राहतो. खाली उतरल्याबरोबर त्याचा पाय सरकला, कारण गाडी लावायची जागा हिल्माच्या वाटेत येत नव्हती. तो घाबरला आणि ओरडलाच. "आई, तू उतरू नकोस! काही गरज नाही. मी उचलून नेतो, नाहीतर सोमवारी करू."

एस्थरनं दार उघडून ठेवलं होतं. डाव्या हातानं गाडीचं दार धरलेलं, उजवा प्लास्टरमध्ये. काळा कोट, डोक्याला रुमाल. वाटेच्या या टोकाला हिल्मा उभी होती, हातात पातं, रेनकोटवरून पाणी गळत होतं. सात आठवड्यांनी दोघी पहिल्यांदा समोरासमोर येत होत्या.

"ही तू केलीस?" एस्थरनं विचारलं.

"मी केली. आणि या सगळ्यांनी."

"ओली दिसतेय."

"ओली आहे. पण धरेल."

"त्या दिवशीही तू हेच म्हणाली असतीस."

"हो," हिल्मा म्हणाली. "आणि त्या दिवशी माझं चुकलं असतं."

मार्विन धापा टाकत होता. आम्ही तीन तास केलेलं काम तिथं पडलं होतं आणि त्याचा निकाल एका ब्याऐंशी वर्षांच्या बाईच्या बुटांवर होता. एस्थर बराच वेळ वाटेकडे बघत राहिली, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"ऑस्कर कधी पुढच्या दारानं आलाय का?" ती पास्टरांना म्हणाली. "चाळीस वर्षं याच दारानं आला, आधी कॉफी मग देव असं म्हणत. डग, माझा हात सोड."

"आई..."

"सोड म्हटलं ना."

तिनं पहिलं पाऊल टाकलं. सगळं वजन न देता, जरा दाबून बघितलं. मग वजन दिलं. मग दुसरं. हिल्मानं तिला हात दिला नाही. ती वाटेतून बाजूला झाली, कडेच्या गुडघाभर बर्फात उतरली आणि वाट एस्थरला मोकळी ठेवून बाहेरून तिच्या जोडीनं पाय ओढत चालू लागली. साठ पावलं म्हणतो आम्ही, एस्थरला त्र्याऐंशी लागली. मी मोजली. विसाव्या पावलानंतर तिनं खाली बघणं सोडलं. दाराशी पोचल्यावर ती वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "डग, तू मात्र हळू ये. तुला शहरातले बूट आहेत."

डेल माझ्या शेजारी उभा होता. त्यानं टोपी काढली होती, आणि ती ऑस्करसाठी काढली असं मला वाटत नाही, कारण पेटी अजून गाडीतच होती.

मग पेटी आली. सहाही जण आपणच चोपलेल्या पट्ट्यांवरून चालले, टाच आधी. कुणाचाही पाय सरकला नाही. स्वयंपाकघरात ओटे आवरलेले होते, पण नीसू नावाचा गोड पाव भट्टीत होता आणि वेलदोड्याचा वास सगळीकडे भरला होता. बायका कॉफीच्या किटल्या छातीशी धरून भिंतींना चिकटून उभ्या राहिल्या. पेटी त्यांच्यामधून जात असताना आयली डोळे पुसत म्हणाली, "ऑस्कर कॉफी न घेता इथून पुढं चाललाय, हे पहिल्यांदाच बघतेय." एस्थर हसली. मग बाकीचेही हसले, आणि पास्टरांना विधी सुरू करायला थोडा वेळ थांबावं लागलं.

हिल्मा विधीला आत बसली नाही. पेटी परत न्यायची होती, आणि पाऊस पडत होता. खिडकीतून तिचा पिवळा रेनकोट मला दिसत होता, पुढं मागं, पुढं मागं.

११ मार्चच्या सभेत विषय पुन्हा निघाला. विमा कंपनीची अट तीच होती, म्हणून दर्शनी बाजू करारानुसार डेलकडेच राहिली, आणि त्याचे सगळे पैसे मी वेळेवर दिले. मात्र डेलनं स्वतः येऊन सांगितलं, की तिन्हीसांजेला चर कुठं पाडायचा ते हिल्मा सांगेल आणि तिनं सांगितल्याखेरीज तो काँक्रीट उघडं करणार नाही. फोटोसाठी एक चौकोन उघडा ठेवू, असं तो म्हणाला. मार्विननं ती ओळ इतिवृत्तात घेऊ नका असं सांगितलं. मी घेतली नाही, इथं लिहितो आहे.

त्या हिवाळ्यात नंतर आणखी तीनदा गोठता पाऊस झाला. पुढच्या किंवा मागच्या वाटेवर कुणी पडलं नाही. मी चौतीस वर्षं हिशेब तपासतो आहे. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. इतक्या वर्षांत स्वतःची चूक इतक्या सरळ सांगणारं आणि तरी आपल्या कामावरचा हक्क तसूभरही न सोडणारं दुसरं माणूस माझ्या टेबलासमोर आलेलं नाही. हँकॉकमध्ये अशी माणसं आहेत, आणि मी त्यांच्या गावचा आहे.

एस्थर १४ मार्चच्या गुरुवारी कॉफीला आली. आयली गाडी लावत होती तोवर ती दारात पोचली होती, एकटी.

हे लिहितो आहे तेव्हा मे महिना लागला आहे आणि आवाराच्या उत्तरेला बर्फाचा ढीग अजून आहे. शेडमधून आणलेली कचेची तीन पोती हिल्मानं स्वतःच्या पैशानं घेतलेली होती. त्यांची पावती मी तिच्याकडे तीनदा मागितली. ती म्हणते, कोंबड्यांना विचार. दुकानात चौकशी करून मी किंमत काढली आहे. चर्चकडून हिल्मा पेरालाला ३८ डॉलर ८५ सेंट देणं बाकी आहे.